बिरोबाची खिडकी

समद्या गल्लीनं मला पापीन ठरवलंय. देवाच्या दिव्यावर फुंकर मारती म्हनं ही हरणाबाई. मारते की! दर आयतवारी मारते, उजेडात मारते, चोरून न्हाई. ज्येला इचारायचं त्येनं म्होरं येऊन इचारावं, नळावर घागर ठिवून कुजबुज करू नये. आता तुमी इचारलंच हाय तर बसा आन ऐका. मधीच "असं कसं गं" म्हनायचं न्हाई, मला राग येतो.

आमी जत अंगाच्या माळावरचं धनगर. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली, मंग आमी सांगलीला आलो. सांगलीत हळदीचा बाजार, तितं दोन हातांना काम घावतं. कुंडलचा एक ऊसवाला बागायतदार व्हता, नानासो. त्येनं गावाभाईर हळद दळायचा कारखाना काढल्ता. कारखाना म्हंजे काय, पत्र्याची एक लांबडी खोली, मधी चक्की, आन चक्कीच्या भवतीनं चाळनी घिऊन बसलेल्या आमी बाया. तोंडावर मी त्येला 'मालक' म्हनायची. पाठीमागं नुसता नानासो.

चक्कीच्या तोंडात हळकुंडं सोडायचं काम आमच्या घरधन्यांचं. नाव? नाव घेत न्हाई मी. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत न्हाई. लग्नात बायांनी उखान्याला लय आडून धरलं, तवा बी म्या खाली मान घातली ती घातलीच. माज्या शेजारी चाळायला बसायची ती दगडाबाई, तिला इचारा, ती सांगंल, धुळा. लय गुनी मानूस. बोलनं थोडं, मिशी मोठी. मिशीला रोज सकाळी तेल लावायचं, आन दिसभर त्या तेलावर हळद बसली की सांजच्याला मिशी पिवळीजर्द. पोरीबाळी हसायच्या. मला बरं वाटायचं बगून.

खोलीला दोन खिडक्या व्हत्या आन दोनीबी फळ्या ठोकून बंद. का, तर वाऱ्यानं हळद उडती. "उडती ती माजी हळद हाय," नानासो म्हनायचा. आत असा पिवळा धुरळा, की समोरची बाई दिसायची न्हाई, नुसती खोकल्यावरनं वळखायची. वाशावर, पत्र्यावर बोटभर थर बसायचा. नानासो त्यो थरसुदिक झाडून घ्याचा आन पोत्यात भरायचा. इतका काटकसरी मानूस.

आन पोत्यात काय निस्ती हळद नसायची. शाडू म्हाईत हाय न्हवं, गनपती करायची पांढरी माती? ती यायची गाडीच्या गाडी. वरनं पिवळा रंग. सांगलीपासनं कुटं कुटं लोक ती माती आमटीत घालून खायाचे आन हात चाटायचे. आमाला समद्यास्नी म्हाईत व्हतं. पन आमाला कोन इचारतंय?

नानासोचा एक नेम मातुर पक्का. आमच्या वस्तीवरल्या बिरोबाच्या जत्रंला भंडारा त्येच्याकडनं. भंडारा म्हंजे देवाची हळद. ढोल वाजला की मूठमूठ वर उधळायची, मानसं, घोंगडी, रान समदं पिवळं. त्या भंडाऱ्यात शाडूचा कन न्हाई. निवडक हळकुंडं, कडक वाळवलेली, चक्की पुसून काढायची, दळनाऱ्यानं उपास धरायचा आन दळनारा धनगरच पायजे. म्हंजे आमचं घरधनी. "मानसाला काय कळतंय," नानासो म्हनायचा, "देवाला कळतंय." मानसाला फसवायचं आन देवाशी इमान राखायचं, असा त्येचा हिशेब.

आता ध्यान देऊन ऐका. आदल्या साली भंडारा दळताना खोलीत भप्पकन जाळ झाला. कुटनं आला कळलं न्हाई. पिवळा लोळ चक्कीच्या तोंडातनं निगाला आन वर पत्र्याला जाऊन इझला. घरधन्यांची आर्दी मिशी गेली, भिवया गेल्या, हात भाजला. नानासो म्हनला, देवाचा कोप हाय, कुनीतरी सोवळं मोडलंय. मंग आमी एकमेकीकडं बगायला लागलो. शेवटी दगडाबाईवर आलं, का तर तिनं सकाळी च्या पिल्ता. बिचारीनं देवाला कोंबडं दिलं आन पाया पडली.

दवाखान्यातल्या डाक्टरनं इचारलं, "कशानं भाजलं?" घरधनी म्हनलं, "हळदीनं." डाक्टर म्हनला, "हळद भाजल्यावर लावतात रे, भाजलं कशानं?" तीनदा इचारलं, तीनदा त्येच सांगितलं. मंग त्येनं कुनाला तरी कळवलं. सरकारी काम, बैलगाडीगत चाललेलं. पन मधीच आनीबानी आली आन समदं सरकार एकदम पळायला लागलं. सायेब लोक येळंवर यायला लागलं बगा, तुमाला खोटं वाटंल. जत्रा आठ-धा दिसांवर आली आन कारखान्याच्या दारात जीप हुबी ऱ्हायली.

कारखानं तपासनारा सरकारी सायेब, मोठा गमतीचा. उंच, वाळका, चष्मा. चष्म्यावर हळद बसायची, त्यो पुसायचा, परत बसायची. नाव खांबेटे. आमा बायास्नी बी अहोजाहो करायचा, त्येनंच आमी आदी घाबरलो. आत गेला, वर वाशाकडं बगितलं, खिडक्यांकडं बगितलं, आन बोट न लावता भाईर आला.

"या खिडक्या आजच्या आज उघडा," म्हनला.

नानासो हसला. "सायेब, हळद कुटं पेटती व्हय? जखमंला लावत्यात ती. नवरीच्या अंगाला लावत्यात. थंड माल हाय."

"पेटते," सायेब म्हनला. "बारीक भुकटी हवेत पसरली, खोली बंद असली आणि ठिणगी पडली की भडका उडतो. पिठाचा उडतो, साखरेचा उडतो, हळदीचाही उडतो. हळकुंडाबरोबर एखादा खडा किंवा खिळा चक्कीत गेला की झाली ठिणगी. खिडक्या उघड्या असल्या तर भुकटी साठत नाही, आणि भडका उडालाच तर जाळ बाहेर निघून जातो. बंद असल्या तर तो छप्पर घेऊन जातो. आणि आतली माणसं."

घरधनी चक्कीपाशी हुबं व्हतं. त्येनी मिशीवरनं हात फिरवला. त्यो भाजल्याला हात मला दिसला.

"मंग दावा पेटवून," नानासो म्हनला. "पेटली तर दोनी खिडक्या मी सोता काढतो. न्हाई पेटली तर पुन्यांदा खिडकीचं नाव काढायचं न्हाई."

"मान्य," सायेब म्हनला. चांगला मानूस, पन भोळा. नानासोशी पैज लावतंय का कुनी?

सायबानं अंगनात टेबल मांडलं. त्येच्यावर हातभर काचंची नळी हुबी केली. नळीत मधी एक तार, ती जीपच्या बॅटरीला जोडली की लालबुंद व्हायची. खाली टांग्याच्या भोंग्याला असतो तसला रबरी फुगा. फुगा दाबला की फुंकर बसनार आन नळीतली भुकटी वर उडून तारंला भिडनार. नानासोनं सोता भरल्या पोत्यातनं वाटीभर हळद आनून दिली. आमी समद्या चाळन्या टाकून भवतीनं गोळा झालो. सायबानं सांगितलं, लांब हुबं ऱ्हावा. दगडाबाई तर पार वड्याच्या कडंला गेली.

सायबानं फुगा दाबला. पिवळं धुकं वर गेलं, तारंला लागलं आन गपकन खाली बसलं. जाळ न्हाई, धूर न्हाई, काय न्हाई.

पुन्यांदा दाबला. फुस्स. नळी पुसली, तार बदलली, पुन्यांदा. फुस्स. घामानं सायबाचा सदरा पाठीला चिकटला. "यंत्रात बिघाड असेल," म्हनला. "कोणाकडं कसलं पीठ आहे का? चिमूटभर?"

माज्याकडं जोंधळ्याचं पीठ व्हतं, सकाळीच गिरनीतनं आनलेलं. म्या फडक्याची गाठ सोडली. सायबानं चिमूट मागितली आन मूठ घेतली. सरकारची चिमूट तेवढीच असती. नळीत टाकलं, फुगा दाबला, आन आगं बया! भप्पकन नळीच्या तोंडातनं हातभर जाळ निगाला. सायबाच्या कपाळावरचं केस आखडलं. वड्याच्या कडंला दगडाबाई बसली ती उताणीच.

"सायेब, माजी रातची भाकर जाळली की तुमी!" म्या वरडले.

आन नानासो पोट धरून हसतोय. "बगा! पीठ पेटतंय, हळद पेटत न्हाई. जावा, गिरन्यांच्या खिडक्या काढा. आता मी पोत्यावर छापूनच घेतो, सरकारी परीक्षेत पास, न पेटनारी हळद!"

सायेब खाली बसला. त्येचं त्वांड बगवत नव्हतं. नियमानं आता आपल्याला खिडक्या उघडा म्हनून सांगता येत न्हाई, म्हनला. नानासोनं खुशीत च्या मागवला, सायबाला पहिला कप. सायेब कपात बगत बसला, आन मंग आपल्याशीच बोलावं तसं बोलायला लागला.

"नवल आहे. निघण्याआधी घरी बायकोच्या डब्यातली हळद मी याच नळीत पेटवून पाहिली होती. काय भडकली! बायको अजून बोलत नाही माझ्याशी." मंग म्हनला, "एकाच गोष्टीनं असं होतं. कोळशाच्या खाणीत भुकटी पेटू नये म्हणून मुद्दाम दगडाची पूड पसरतात. दगड स्वतः जळत नाही आणि शेजारच्यालाही जळू देत नाही. नानासो, तुमच्या हळदीत माती वगैरे राहते का?"

नानासोचा कप व्हटापाशी थांबला. पिवळ्या धुरळ्याखाली त्वांड कसं पांढरं पडतंय ते म्या त्या दिशी बगितलं.

"न्हाई न्हाई सायेब! माती कुटली? शुद्ध हाय!"

"शुद्ध असेल तर पेटायला हवी."

"पेटंल की!" नानासो कप ठिवून हुबाच ऱ्हायला. "का पेटायची न्हाई? आवं, लय पेटती! आज जरा गारठा हाय."

ऊन असं, की पत्र्यावर पापड भाजावा. आमी बायांनी पदर तोंडात कोंबलं.

सायबाच्या मनात काय पाप न्हाई. त्यो सरळ म्हनला, "मग मंगळवारी पुन्हा येतो. चालू चक्कीतून ताजा नमुना घेईन. पेटली तर खिडक्या उघडायच्या. नाही पेटली तर मात्र आत काय आहे ते बघायला भेसळ तपासणाऱ्या खात्याकडं पाठवावी लागेल."

त्या दिसांत भेसळ करनाऱ्यास्नी धरून नेत व्हते. बाजारातलं दोन व्यापारी आदल्याच म्हैन्यात गेल्तं. जीप गेल्यावर नानासो पायरीवर बसला. सकाळी हळद पेटू ने म्हनून देव पान्यात घातल्याला मानूस, दुपारी पेटावी म्हनून देवाला नारळ बोलला. पन डोस्कं लय तल्लख. लगीच हिशेब मांडला. भंडारा दळायचाच हाय, त्यो चोख असतोय, त्योच मंगळवारी दळायचा. देवाचं बी काम, सायबाचं बी काम. येगळी चोख हळद दळायचा खर्च वाचला.

मी चाळन घिऊन बसले, पन हात चालंना. शाळेचं त्वांड म्या बगितलं न्हाई, पन सायबाचं बोलनं कानात घुमत व्हतं. शाडू हाय तवर आमी वाचलोय. आदल्या साली शाडू नव्हता, तवाच जाळ झाला. दगडाबाईच्या च्याचा काय संबंद न्हाई. आन आता मंगळवारी परत तसंच. चोख हळद, बंद खिडक्या, आन आमचं मानूस उपाशीपोटी चक्कीच्या तोंडाशी.

घरी भाकर वाढताना म्या घरधन्यास्नी सांगितलं. त्येनी ऐकलं, पानी पिलं आन म्हनलं, "देवाचं काम हाय. धनगराबिगर कोन दळनार?"

"आवं, गेल्या साली देवानं मिशी नेली, औंदा मुंडकं नेईल!"

"असं बोलू नगं गं," म्हनलं, आन उठलं. झालं. ह्येंच्याफुडं बोलनं म्हंजे मेंढ्याला टक्कर देनं.

मंग सकाळी नानासोकडं गेले. "मालक, मंगळवारच्यापुरत्या तरी खिडक्या काढा."

"सायबानंच सांगितलंय, आपली हळद पेटत न्हाई."

"ती पेटत न्हाई. मंगळवारची पेटंल की! पेटावी म्हनूनच दळताय न्हवं तुमी?"

"ती नळीत पेटायची," नानासो म्हनला. "खोलीत कशाला पेटंल?"

काय बोलावं ह्या मानसाला?  त्यो म्हनला, "आन देवाचा भंडारा खिडकीतनं उडून कुनाच्या पायाखाली आला तर? पाप कुनाला लागंल? जा, काम कर."

मला सायबाला शाडूचं सांगता आलं असतं. पन मंग कारखान्याला कुलूप, नानासो आत, आन आमी समदी पुन्यांदा माळावर, आता तर मेंढरं बी न्हाईत. त्वांड उघडावं तर प्वाट जातंय, गप बसावं तर मानूस जातंय. मला लय राग आला. नानासोचा आला, घरधन्यांचा आला. खरं सांगू, देवाचा बी आला. नळावर घागर आपटली आन मनात म्हनलं, एवढं कोपायला काय केलंय आमी तुजं? ह्या मानसाला भ्या सरकारचं न्हाई, जाळाचं न्हाई, बायकूचं न्हाई. भ्या एक तुजंच. आन तितंच मला सुचलं.

मंगळवार उजाडला. चक्कीला झेंडूची माळ, फुडं नारळ, ऊद. नानासो धुतलेलं धोतर नेसून हुबा. घरधनी अंगूळ करून, मिशीला तेल लावून चक्कीपाशी. आमच्या वस्तीवरनं भंडारा न्यायला बिरोबाचा पुजारी आप्पासो आल्ता, खांद्यावर घोंगडं, कपाळाला हळद. बंद खोलीत ऊदाच्या धुरानं त्यो म्हातारा खोकून खोकून लाल झाल्ता.

नानासो नारळ फोडनार, तेवढ्यात म्या मोठ्यांदा इचारलं, "मालक, गेल्या साली देव का कोपला?"

 नानासो म्हनला, "दगडाबाईनं च्या पिल्ता."

"तिनं कोंबडं दिलं, फिटलं त्ये. पन मी म्हनते, च्यावर देव एवढा कोपंल व्हय? आमचा देव माळावरचा. आभाळ त्येचं छप्पर. त्येचा भंडारा उधळायचा तर उघड्यावर, आन दळायचा तुमी फळ्या ठोकून? देवाला कोंडून घातलंसा तुमी! इचारा आप्पासोला, बिरोबाला कुटं दार हाय? कुटं खिडकीची फळी हाय?"

समद्यांनी आप्पासोकडं बगितलं. आता आमच्या देवळाला दार न्हाई ते वर्गनी पुरली न्हाई म्हनून. आप्पासोला ते म्हाईत, मला म्हाईत. पन म्हातारा धुरानं गुदमरल्याला, त्येला बी वारं पायजेच व्हतं. त्येनं डोळं मिटलं आन मान हलवली. "खरं हाय पोरीचं. देवाला दार चालत न्हाई."

नानासोच्या हातातनं नारळ खाली आला. सरकार आलं, जीप आली, काचंची नळी आली, खिडकी हलली न्हाई. आन आता नानासो धोतराचा काचा मारून, सोता लोखंडी पहार घिऊन फळ्या उपटतोय! दोनी खिडक्यांच्या समद्या फळ्या काढल्या. "चुकलो देवा, चुकलो," म्हनत व्हता. कित्येक सालांनी त्या खोलीत वारं शिरलं. वाशावरचा थर उडाला, भाईर पिवळा लोट गेला, आन पलीकडच्या भिंतीपाशी हुबी असलेली दगडाबाई मला पैल्यांदा नीट दिसली. तेवढ्यात जीपचा भोंगा वाजला. सायेब येळंवर.

आप्पासोनं समद्यास्नी भाईर काढलं, देवाचं दळन म्हंजे आत दळनारा एकटाच. मी उंबऱ्यापाशी अडून बसले, तर हाताला धरून उठवलं. अंगनात सायेब नळी जोडत व्हता, नानासो त्येच्याफुडं हात जोडून हुबा, काय बोलत व्हता कुनाला ठावं. आतनं चक्की घरघरली. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" आप्पासो वरडला. खिडकीतनं पिवळा धुरळा निगाला, चांगला दाट, वास बी येगळा, खऱ्या हळदीचा. मी त्या खिडकीवरनं नजर काढली न्हाई.

आन तेच झालं. आत कायतरी खट्ट वाजलं, खडा असंल न्हाईतर खिळा. पैला भप्प बारका. दुसरा धाडकन. दोनी खिडक्यांतनं जाळाचं लोळ भाईर आलं, पार अंगनाच्या मधापातूर. पत्रं वर उचललं आन परत खाली बसलं. सायेब टेबलाखाली, नळी फुटली, जीपचा डायवर पळाला. चक्की बंद पडली. आतनं आवाज न्हाई.

"धुळा!" म्या वरडले. "आरं धुळा! धुळा!"

माजं मलाच कळलं न्हाई मी काय वरडले. आवं न्हाई, जावं न्हाई. लगीन झाल्यापासनं जे नाव जिभंवर आलं न्हाई ते समद्या सांगलीला ऐकू गेलं असंल. दारातनं धूर येत व्हता, मी तशीच आत चालले, दगडाबाईनं लुगड्याला धरलं तर तिला ढकललं. आन धुरातनं ते आलं. रांगत आलं. डोस्क्यावरचं केस जळाल्यालं, भिवया न्हाईत, मिशी तर समदीच गेली, नुसतं गुळगुळीत त्वांड, लहान पोरागत. खोकत व्हतं. माज्याकडं बगून म्हनलं, "नाव कशाला घेतलंस गं?"

म्या त्येंच्या पाठीत दोन गुद्दे घातलं आन तितंच उंबऱ्यात बसून रडले. लाज वाटली न्हाई. आजबी वाटत न्हाई.

आन नानासो काय करत व्हता म्हाईत हाय? अंगनात नाचत व्हता! मागं पत्र्यातनं धूर निगतोय आन ह्यो सायबाचं हात धरून नाचतोय. "पेटली, सायेब! बगितली न्हवं, कशी पेटली! शुद्ध हाय, शुद्ध!"

सायबानं चष्मा शोदला, पुसला, फुटल्याल्या नळीकडं बगितलं आन खिडक्यांकडं बगितलं. "पेटली," म्हनला. "आणि या खिडक्या काढलेल्या नसत्या तर आज तुमचा माणूस गेला असता." मंग इचारलं, "काढायला कोणी सांगितल्या?"

नानासोनं वर आभाळाकडं बोट केलं. "देवानं!"

सायबानं हात जोडलं. काय करनार, त्यो बी मानूसच.

त्या दिसापासनं दोन गोष्टी झाल्या. सायेब न सांगता यायला लागला, कवा बी, आन दर येळी नमुना न्यायचा. त्येच्या भ्यानं शाडूची गाडी बंद झाली. आता कारखान्यात रोजच चोख हळद दळत्यात, म्हंजे रोजच भंडारा, म्हंजे जाळ बी रोजचाच. पैलं शाडूनं राखलं, आता निस्ती खिडकी राखती. नानासोची हळद शुद्ध म्हनून बाजारात नाव झालं, त्यो आता बिरोबाचा लय मोठा भगत झालाय.

दुसरी गोष्ट म्हंजे ती खिडकी. मी बोलून गेले ते आंगाशी आलं. देवानं खिडकी मागितली आन धनगराला वाचवलं, ही गोष्ट वस्तीवस्तीवर गेली. लोक यायला लागलं. चौकटीला हळद फासली, माळ घातली, खाली नारळ फुटायला लागलं. बिरोबाची खिडकी म्हनत्यात तिला. बरं झालं म्हनलं मी, आता कुनाची हिंमत न्हाई फळी ठोकायची. मंग एका आयतवारी बगते तर खिडकीत दिवा. तेलाचा, चांगला मोठी वात घातल्याला. आत चक्की चाललीय, खिडकीतनं पिवळा धुरळा भाईर येतोय, आन त्या धुरळ्यात दिवा जळतोय! अजून कसं भडकलं न्हाई, बिरोबालाच ठावं.

आन दिवा लावतंय कोन? आमचं घरधनी. नवस बोलल्यात म्हनं. देवानं जीव दिला, आपन वात बी देऊ ने व्हय, म्हनत्यात. सायबाला सांगितलं, त्येनं दिवा काढायला सांगितला, नानासो म्हनला देवाचं हाय, तर सायेब गप झाला. देवाचं म्हनलं की सरकार चपला काढतंय.

मंग ऱ्हायलं कोन? मी. दर आयतवारी ते दिवा लावत्यात आन पाया पडून चक्कीवर जात्यात. ते चक्की सुरू करायच्या आदी मी जाते आन फुंकर मारते. आप्पासोनं शिव्या दिल्या, दगडाबाईनं बोलायचं सोडलं, गल्लीनं पापीन ठरवलं. घरधन्यास्नी कळतंय, मला ठावं हाय, पन ते काय बोलत न्हाईत. मिशी परत आलीय, तिला तेल लावत्यात आन कामाला जात्यात.

देवानं कोपायचं तर माज्यावर कोपावं. त्येचं नाव घ्यायला मी रोज तयार हाय. पन घरधन्यांचं नाव एकदा घेतलं ते बास. परत तसं वरडून नाव घ्यायची पाळी नगं मला.